पहारेकरी दोन वाजता येतो

“काका, तो सरकणारा ठिपका उपग्रह आहे म्हणालात ना? मग त्याला तो वणवा दिसत असेल?”

वांगणीतल्या एका फेब्रुवारीच्या रात्री सातवीतल्या एका मुलीने मला हे विचारलं. वांगणी म्हणजे बदलापूरच्या पुढचं स्टेशन. मुंबई-ठाण्याच्या हौशी आकाशनिरीक्षकांचा हा जुना मुक्काम. खगोल मंडळाच्या रात्रभराच्या कार्यक्रमांत कितीतरी जणांनी पहिल्यांदा नीट आकाश पाहिलं ते इथेच. आता इथेही इमारती आणि दिवे वाढले आहेत. तरी अमावास्येच्या आसपास, शेताच्या बांधावर सतरंजी टाकून आडवं झालं की अजून पुष्कळ काही दिसतं.

त्या रात्री पश्चिमेला, चंदेरीच्या बाजूच्या डोंगरउतारावर एक लाल रेघ पेटली होती. वाळलेल्या गवतातून ती वर चढत होती. वर आकाशात एक स्थिर उजेडाचा ठिपका शांतपणे चालला होता. मुलीने दोन्ही पाहिलं आणि दोन्ही जोडलं. “दिसत असेल,” एवढंच मी म्हणालो. ते उत्तर अपुरं होतं. पुरं उत्तर द्यायला एक प्रकरण लागतं.

१. तो ठिपका कोण, आणि पहारेकरी कोण?

आधी त्या ठिपक्याबद्दल. उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. आपल्याकडे सूर्य मावळल्यावरही तिथे वर, शेकडो किलोमीटर उंचीवर, काही वेळ ऊन असतं. त्या उन्हात उपग्रह चमकतो आणि आपल्याला दिसतो. म्हणून असे ठिपके संध्याकाळी आणि पहाटे जास्त दिसतात.

वणव्यांवर रोज नजर ठेवणारे मुख्य उपग्रह मात्र रात्री आपल्यावरून जातात तेव्हा पृथ्वीच्या सावलीत असतात. ते डोक्यावरून गेले तरी आपल्याला कळत नाही. सुओमी एनपीपी (२०११), नोआ-२० (२०१७) आणि नोआ-२१ (२०२२) ही त्यांची नावं. या तिन्हींवर ‘व्हिअर्स’ नावाचा एकसारखा कॅमेरा आहे. सुमारे सव्वाआठशे किलोमीटर उंचीवरून ते उत्तर-दक्षिण फेऱ्या मारतात आणि खालून पृथ्वी फिरत राहते. त्यामुळे प्रत्येक उपग्रह एका गावावरून दिवसातून साधारण दोनदा जातो, सूर्याच्या हिशेबाने दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास.

सूर्याच्या हिशेबाने म्हणजे काय? आपली घड्याळं ८२.५ अंश रेखावृत्तावर लावलेली आहेत. वांगणी आहे ७३.३ अंशांवर. फरक ९.२ अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. ९.२ गुणिले ४, म्हणजे सुमारे ३७ मिनिटं. वांगणीच्या सूर्याचे दीड वाजतात तेव्हा स्टेशनवरच्या घड्याळात दोन वाजून सात मिनिटं झालेली असतात. उपग्रह कधी नेमका डोक्यावरून जातो, कधी बाजूने, आणि तिघांच्या वेळाही थोड्या वेगळ्या. त्यामुळे त्यात तासाभराचा मागेपुढे धरायचा. पण ढोबळ हिशेब लक्षात ठेवायचा तो असा: दुपारी दोन आणि रात्री दोन.

ही वेळ पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

२. न पाहता कळणारी धग

आता आगीकडे. चुलीवर लोखंडी तवा ठेवा. थोड्या वेळाने तो दिसायला आहे तसाच काळा असतो, पण हात जवळ नेला की धग लागते. तवा प्रकाश टाकतोच आहे, फक्त तो आपल्या डोळ्यांना न दिसणारा आहे. त्याला अवरक्त प्रकाश म्हणतात. लोहाराच्या भट्टीत लोखंड आणखी तापवलं की ते लाल होतं, मग पिवळट. जितकी वस्तू गरम, तितक्या तिच्या प्रकाशाच्या लहरी आखूड.

लहरींची लांबी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला डोळा साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉनमधलं पाहतो. रात्रीची साधी जमीन, समजा २७ अंश सेल्सिअसची, सर्वांत जास्त प्रकाश टाकते तो १० मायक्रॉनच्या आसपास. सव्वासातशे अंशांची ज्वाळा सर्वांत जास्त प्रकाश टाकते तो ३ मायक्रॉनच्या आसपास. म्हणून उपग्रहाला दोन खिडक्या दिल्या आहेत. एक सुमारे ४ मायक्रॉनची, दुसरी सुमारे ११ मायक्रॉनची. एकाच जागेकडे दोन्ही खिडक्यांतून पाहायचं आणि तुलना करायची.

पण इथे एक अडचण आहे. व्हिअर्सच्या चित्रातला एक चौकोन ३७५ मीटर बाय ३७५ मीटरचा असतो. त्यापेक्षा बारीक त्याला दिसत नाही. आपल्या मापात सांगायचं तर एक चौकोन सुमारे १,४०० गुंठ्यांचा, म्हणजे पस्तीस एकरांचा. आणि वणव्याची ज्वाळा केवढी? गवतातला वणवा म्हणजे एक पुढे सरकणारी रेघ. मागचं जळून काळं झालेलं, पुढचं अजून पेटायचं. धरू या की रेघ १०० मीटर लांब आणि १ मीटर रुंद आहे. झाला एक गुंठा. चौदाशे गुंठ्यांत एक गुंठा आग. ती दिसावी कशी?

घरात हंडाभर आमटीला चिमूटभर हिंग पुरतो, कारण हिंगाचा वास इतर कशाच्याही वासापेक्षा कितीतरी पट तीव्र असतो. इथेही तेच होतं. ४ मायक्रॉनच्या खिडकीतून पाहिलं तर सव्वासातशे अंशांची ज्वाळा त्याच क्षेत्रफळाच्या थंड जमिनीपेक्षा सुमारे साडेचार हजार पट उजळ असते. म्हणजे एका गुंठ्याची आग उरलेल्या सगळ्या चौदाशे गुंठ्यांच्या मिळून तिप्पट प्रकाश देते. चौकोन ठळक उठून दिसतो. तोच चौकोन ११ मायक्रॉनच्या खिडकीतून पाहिला तर ज्वाळा जमिनीपेक्षा फक्त तीसेक पट उजळ. तीस भागिले चौदाशे, म्हणजे जेमतेम दोन टक्क्यांची भर. काही वेगळं घडलंय असं वाटणारही नाही.

एका खिडकीत झगमगाट आणि दुसरीत जवळजवळ काहीच नाही, असं दिसलं की संगणक तिथे लाल ठिपका ठेवतो. मला या युक्तीचं आजही अप्रूप वाटतं. पस्तीस एकरांतली एका गुंठ्याची आग, सव्वाआठशे किलोमीटरवरून.

दिवसा काम अवघड होतं. मार्च-एप्रिलच्या दुपारी काळा कातळ स्वतःच तापलेला असतो, पत्र्यांची छपरं चमकतात आणि उन्हातही ४ मायक्रॉनचा थोडा प्रकाश असतोच. म्हणून चौकोनाची तुलना त्याच्या शेजाऱ्यांशी करतात. सगळीच जमीन तापली असेल तर ती आग नव्हे.

३. उदबत्तीचा निळा धूर

आतापर्यंत बोललो ते आगीबद्दल. धूर हे अगदी वेगळं प्रकरण आहे, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. आगीचा ठिपका अवरक्त खिडकीतून मिळतो. धूर दिसतो तो उन्हात, साध्या फोटोसारख्या चित्रात. त्यामुळे रात्री आग सापडू शकते, पण धुराचा माग काढायला बहुतेक साधनांना सूर्य उगवण्याची वाट पाहावी लागते.

देवघरातल्या उदबत्तीकडे पाहा. मागे गडद भिंत असेल तर टोकाशी निघणारा धूर निळसर दिसतो. धुराचे कण फार बारीक, बरेचसे एका मायक्रॉनच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढे. इतके बारीक कण लाल प्रकाशापेक्षा निळा प्रकाश जास्त विखुरतात. ढगातले पाण्याचे थेंब त्यांच्या मानाने प्रचंड, दहाएक मायक्रॉनचे. ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून ढग पांढरे. उपग्रहाच्या चित्रात ढग आणि धूर वेगळे काढताना पहिली खूण हीच. धूर राखाडी-निळा, कडा विरलेल्या, एका टोकाला निमुळता. ढग पांढरा आणि ठसठशीत.

हाच नियम उलट बाजूनेही दिसतो. जून २०२३मध्ये कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या वणव्यांचा धूर शेकडो किलोमीटर दक्षिणेला उतरला आणि ७ तारखेला न्यूयॉर्क-न्यू जर्सीचं आकाश नारिंगी झालं. तिथे राहणाऱ्या नातेवाइकांनी पाठवलेले फोटो आपल्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये असतील. निळा प्रकाश धुराने वाटेतच विखुरला आणि खाली पोचला तो उरलेला नारिंगी. वरून पाहणाऱ्या उपग्रहाला तोच धूर निळसर-राखाडी पट्ट्यासारखा दिसत होता. चादर तीच, बघण्याच्या बाजू दोन.

आणखी एक गोष्ट पार्श्वभूमीची. राख काळ्या घोंगडीवर लगेच दिसते, पांढऱ्या धोतरावर शोधावी लागते. समुद्रावरचा किंवा गर्द रानावरचा धूर चित्रात उठून दिसतो. आपल्याकडे वणव्याच्या दिवसांत डोंगर पिवळे-तपकिरी पडलेले असतात, साग आणि पळस पानं गाळून उभे असतात, आणि खाली फिकट धूळ. त्यावरचा पातळ धूर हे धोतरावरच्या राखेचंच काम.

त्यावर एक उपाय अतिनील प्रकाशाचा. त्या प्रकाशात जमीन गडद दिसते आणि धुरातले कण तो प्रकाश शोषून घेतात. सेंटिनेल-५पी या २०१७मध्ये सोडलेल्या युरोपीय उपग्रहावरचं उपकरण असं मोजमाप करतं. शिवाय ते कार्बन मोनॉक्साइडही मोजतं. अर्धवट जळण्यातून निघणारा हा वायू हवेत आठवडेच्या आठवडे टिकतो, त्यामुळे मोठ्या वणव्याच्या धुराचा दूरवर पाठलाग करता येतो. पण त्या उपकरणाचा एक चौकोन साधारण साडेपाच किलोमीटर बाय साडेतीन किलोमीटरचा. वांगणीचं गाव, स्टेशन आणि आजूबाजूच्या वाड्या त्यात एका घासात जातील.

४. किती ओढण्या, आणि कुठे?

धूर दिसला, पुढे तो किती दाट आहे हे कसं सांगायचं? त्यासाठी एक संख्या वापरतात. तिला हवेची प्रकाश-जाडी म्हणू या. एका पातळ ओढणीतून शंभरपैकी ३७ किरण सरळ पलीकडे जातात असं समजा. ही एक ओढणी म्हणजे जाडी १. दोन ओढण्या एकावर एक धरल्या तर ३७चे ३७ टक्के, म्हणजे सुमारे १४ किरण. ही जाडी २. पावसानंतर धुतलेल्या स्वच्छ हवेत जाडी ०.१च्या आसपास असू शकते, तेव्हा नव्वद किरण सरळ खाली येतात आणि पूर्वेचा सह्याद्री हाताच्या अंतरावर आल्यासारखा वाटतो.

उपग्रह ही संख्या बऱ्यापैकी अचूक देतो. तो देत नाही ती गोष्ट म्हणजे ओढणी कुठे टांगलेली आहे. छताजवळ की तुमच्या नाकासमोर? वरून पाहताना दोन्ही सारखंच दिसतं, श्वासाला मात्र सारखं नसतं. तीन किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या धुराने सूर्यास्त लाल होईल आणि गावात कुणाला खोकलाही येणार नाही. तेवढाच धूर जमिनीलगत साचला तर दम्याच्या माणसाला रात्र काढणं कठीण.

उल्हास नदीच्या खोऱ्यात हा फरक प्रत्येकाने अनुभवलेला आहे. दुपारी समुद्राकडून वारा येतो, जमीन तापलेली असते, हवा वर उसळत असते, आणि धूर पांगतो. सूर्य मावळला की डोंगरउतारावरची हवा गार होऊन जड होते आणि हळूहळू खाली खोऱ्यात उतरते. येताना धूर घेऊन येते. खाली गार हवा आणि वर त्यामानाने उबदार हवा अशी स्थिती झाली की ताटावर झाकण ठेवल्यासारखं होतं. पहाटेच्या लोकलमधून जाताना वांगणी-बदलापूरच्या शेतांवर जो पट्टा दिसतो त्यात धुकं असतं, चुलींचा धूर असतो, अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांचा वाटा असतो आणि कधी रात्रीचा वणवाही असतो. कोणता भाग कुणाचा, हे उपग्रहाच्या त्या एका संख्येत लिहिलेलं नसतं.

उंची मोजायचं साधनही आहे: वरून लेसरचा झोत सोडायचा आणि परत यायला किती वेळ लागला ते पाहायचं. विहिरीत खडा टाकून आवाजाची वाट पाहतात तसं. २००६ ते २०२३ या काळात कॅलिप्सो नावाच्या उपग्रहाने हे काम केलं. पण तो झोत जमिनीवर रुंदीला शंभर मीटरच्याही आत होता. तो नेमका आपल्या खोऱ्यावरून आणि नेमका वणव्याच्या दिवशी जाणं हा योगायोगच.

५. देवनार दिसलं, चंदेरी का नाही?

जानेवारी २०१६च्या शेवटी मुंबईत देवनारच्या कचराभूमीला आग लागली. १९२७पासून तिथे कचरा टाकला जात होता. शहरावर धूर पसरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २८ जानेवारीला लँडसॅट-८ हा उपग्रह मुंबईवरून गेला आणि त्याने त्या धुराचं चित्र घेतलं. नासाने ते प्रसिद्धही केलं. खाडीच्या काठावरून निघालेला धुराचा लोट त्यात साध्या नजरेला दिसतो. लँडसॅटचा चौकोन ३० मीटरचा, नऊ गुंठ्यांचा. म्हणून चित्र इतकं स्पष्ट. पण लँडसॅट-८ एका जागी परत यायला १६ दिवस घेतो. देवनारची आग कचऱ्याच्या पोटात दिवसेंदिवस धुमसत राहिली, एकाच जागी राहिली, आणि उपग्रहाची फेरी तेवढ्यात आली.

चंदेरीच्या उतारावरचा वणवा असा थांबत नाही. गवत दोन-तीन तासांत जळून जातं. आमच्या भागातले वणवे कधी कुणाच्या विडीच्या थोटकाने लागतात, कधी पुढच्या वर्षी गवत चांगलं येईल या समजुतीने लावले जातात, कधी शिकारीसाठी. संध्याकाळी सात-आठला पेटलेली रेघ दहा-साडेदहाला एखाद्या कातळापाशी किंवा वनखात्याने आधी जाळून ठेवलेल्या जाळरेषेपाशी विझते. पहारेकरी दुपारी दोनला येऊन गेलेला असतो. पुढची त्याची फेरी रात्री दोनला. तोवर राख गार झालेली असते. दुपारच्या फेरीला आग नव्हती, रात्रीच्या फेरीला आग उरली नाही, आणि धूर उठला तेव्हा ऊन नव्हतं. तीन दारं, तिन्ही बंद.

नोंदीत वणवा नाही याचा अर्थ वणवा झालाच नाही, असा धरणं ही मोठी चूक आहे. ती चूक आकडेवारी वाचणारे पुष्कळ जण करतात. पंजाबात पराळी जाळण्याच्या बाबतीत हेच समोर आलं. दुपारच्या फेरीत आगींचे ठिपके कमी झालेले दिसत होते, पण हवेतला धूर त्या प्रमाणात कमी होत नव्हता. नासातले संशोधक हिरेन जेठवा यांनी २०२४मध्ये दक्षिण कोरियाच्या स्थिर उपग्रहाची दर दहा मिनिटांची चित्रं पाहिली, तेव्हा दिसलं की पुष्कळ आगी दुपारची फेरी उलटून गेल्यानंतर लागत आहेत.

मग असे स्थिर उपग्रहच का वापरू नयेत? आपलेही आहेत. इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) विषुववृत्तावर, ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या वेगानेच फिरतात. म्हणून आपल्याला ते एकाच जागी असल्यासारखे असतात आणि दर अर्ध्या तासाला चित्र पाठवतात. पिकाच्या राखणीचीच उपमा द्यायची तर व्हिअर्स म्हणजे बांधावरून फेरी मारणारा राखण्या, आणि इन्सॅट म्हणजे मचाणावर बसून राहिलेला. मचाणावरचा सतत पाहतो, पण फार लांबून. त्याचा अवरक्त चौकोन चार किलोमीटर बाय चार किलोमीटरचा, जवळजवळ चार हजार एकरांचा. एका गुंठ्याचा हिंग तिथे हंडाभर आमटीत पडत नाही, विहिरीत पडतो. मोठ्या आगी, धुळीची वादळं, धुराचे मोठे पट्टे यासाठी तो उत्तम. आमच्या डोंगरावरच्या रेघेसाठी नाही.

म्हणजे उपग्रह आपल्या कामाचे नाहीत असं नव्हे. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण २००४पासून वणव्यांच्या सूचना देतं. आधी मोडिस या जुन्या कॅमेऱ्यावरून, ज्याचा चौकोन एक किलोमीटरचा. पुढे व्हिअर्सवरून. ठिपका कोणत्या वनक्षेत्रात पडतो ते पाहून त्या भागातल्या कर्मचाऱ्यांना मोबाइलवर संदेश जातो. नाव नोंदवलं तर साध्या नागरिकालाही मिळतो. रात्र-दोन रात्री जळणाऱ्या रानात, जिथे बघायला माणूसच नाही, तिथे हा संदेश लाखमोलाचा आहे.

ठिपक्याबरोबर आगीची ताकदही कळते, आणि त्यावरून धुराचा अंदाज बांधता येतो. एक मेगावॅट ताकदीची धग तासभर राहिली तर ती झाली ३,६०० मेगाज्यूल. मोजमापांतून असं दिसलं आहे की उपग्रहाने टिपलेल्या प्रत्येक मेगाज्यूलमागे सुमारे ०.३७ किलो सुकं गवत-लाकूड जळतं. म्हणजे तासाला साधारण तेराशे किलो. वाऱ्याचा वेग आणि दिशा त्याला जोडली की संगणक धूर उद्या कुठे असेल ते मांडतो.

६. राहिलेला डाग

विझलेल्या वणव्याचा पुरावा मात्र जमीन सांभाळून ठेवते. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची जोडी मिळून दर पाच दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास आपल्यावरून जाते. त्यांचा बारीक चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. जळलेली जमीन ओळखायला ज्या लांब लहरींची गरज असते त्यांचा चौकोन २० मीटरचा, चार गुंठ्यांचा. या लांब लहरी धुराच्या बारीक कणांना फारशा अडत नाहीत, त्यामुळे आग चालू असली तर त्या धुराआडची ज्वाळाही दाखवतात.

डाग मोजायची रीत सोपी आहे. गवत आणि पानं जवळच्या अवरक्त प्रकाशात उजळ असतात, कोळसा गडद. लांब लहरींत जळकी जमीन उलट उजळते. पहिल्यातून दुसरं वजा करायचं आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचं. समजा वणव्याआधी आकडे ३० आणि २० होते: १० भागिले ५०, उत्तर ०.२. वणव्यानंतर १२ आणि २४ झाले: उणे १२ भागिले ३६, उत्तर उणे ०.३३. ०.५हून जास्त घसरण झाली, तिथे जळलं आहे. असे चौकोन मोजायचे. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, म्हणजे दहा चौकोन. दीडशे चौकोन काळे सापडले तर पंधरा एकर रान गेलं.

ही चित्रं फुकट मिळतात. नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावर १९.१ उत्तर, ७३.३ पूर्व ही जागा काढा, तारीख निवडा, आणि वांगणीभोवतीचे लाल ठिपके पाहा. मग त्याच आठवड्याचं सेंटिनेलचं चित्र शेजारी ठेवा. जिथे डाग आहे आणि ठिपका नाही, तो पहारेकऱ्याच्या दोन फेऱ्यांमध्ये जळलेला डोंगर. जळताना डोळ्यांना दिसला तर वनखात्याचा क्रमांक आहे १९२६.

त्या रात्रीची लाल रेघ साडेदहाच्या सुमारास कातळाला टेकून विझली. धूर उतरत उतरत शेतापर्यंत आला, आम्ही रुमाल ओले करून नाकाला लावले. दोन वाजता सिंह राशी डोक्यावर होती आणि ती मुलगी अजून जागी होती. आता कधीतरी तो उपग्रह वरून जात असेल, मी तिला म्हणालो, पण तो दिसायचा नाही. ती आकाशाकडे न बघता डोंगराकडे बघत होती. तिथे काळोखात अजून एक निखारा होता, एखाद्या वाळक्या बुंध्याचा असावा. तिने विचारलं, “एवढा चालेल का त्याला?”